कंपनीच्या सर्व्हरचा मेल पोहोचवायचा तर: पोस्टफिक्सला लॉगिनवाल्या सेवेशी जोडण्याची पूर्ण कृती

बिलिंग सॉफ्टवेअरने पाठवलेले जीएसटीचे बिल, महिनाअखेरची पगारपत्रके, रात्रीच्या बॅकअपचा अहवाल, वेबसाइटवरचा ‘पासवर्ड बदला’चा दुवा: हे मेल कोणी माणूस बसून पाठवत नाही, कंपनीचा सर्व्हर पाठवतो. ऑफिसातल्या लोकांचे मेल गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडून व्यवस्थित जातात, म्हणून सर्व्हरचेही जात असतील असे सगळे धरून चालतात. बऱ्याचदा ते जात नसतात. हे कळते तेव्हा गिऱ्हाईक ‘बिल आलेच नाही’ म्हणून पैसे थांबवून बसलेले असते.

एसएमटीपी हा मेलचा मूळ नियम १९८२ सालचा. त्यात कोणताही सर्व्हर कोणत्याही सर्व्हरला पोर्ट २५ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचा क्रमांक दिलेला दरवाजा) गाठून मेल देऊ शकत होता आणि पाठवणारा कोण, हे तपासायची सोय नव्हती. स्पॅमवाल्यांनी ही मोकळीक पुरती वापरली. आता ॲमेझॉन आणि गूगलच्या क्लाउडवर बाहेर जाणारे पोर्ट २५ मुळातच अडवलेले असते. ब्रॉडबँडचे आयपी पत्ते स्पॅमहाउससारख्या याद्यांमध्ये ‘इथून थेट मेल येणे अपेक्षित नाही’ अशा नोंदीखाली असतात. कायमचा आयपी विकत घेतला, त्याची उलटी डीएनएस नोंद (इंटरनेटच्या नावांच्या नोंदवहीत आयपीवरून सर्व्हरचे नाव सांगणारी) नीट लावली, तरी त्या पत्त्याला मेलच्या जगात काही नाव नसते. ते नाव महिनोन्‌महिने सांभाळणे हे पूर्ण वेळाचे काम आहे, आणि पन्नास-शंभर माणसांच्या कंपनीने ते अंगावर घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यापेक्षा आपल्या सर्व्हरने एखाद्या नावाजलेल्या सेवेकडे लॉगिन करावे, मेल तिच्या हवाली करावा आणि पुढचे तिने बघावे. यासाठी पोर्ट ५८७ आहे. तिथे आधी साधे बोलणे सुरू होते आणि मग ‘स्टार्टटीएलएस’ने ते कुलूपबंद होते. पोर्ट ४६५ वर पहिल्या क्षणापासूनच सगळे कुलूपबंद असते. ४६५ ला मधली बरीच वर्षे अधिकृत मान्यता नव्हती, ती २०१८ मध्ये मिळाली. आज दोन्ही चालतात.

इथे उदाहरण घेतले आहे उबुंटू सर्व्हर, त्यावर पोस्टफिक्स (मेल पाठवणारे सॉफ्टवेअर) आणि सेवा म्हणून एसईएस या ॲमेझॉनच्या मेल पाठवणाऱ्या सेवेचे मुंबई केंद्र. दुसरी सेवा असली तरी सर्व्हरचे नाव आणि लॉगिन एवढेच बदलते. एक सूचना आधीच: फाइलींची, आदेशांची आणि सेटिंगची नावे या लेखात देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत लिहायची (अपवाद: ‘एसएमटीपी_टीएलएस_सीएफाइल’मधली ‘सीए’ ही दोन अक्षरे मोठी).

ओळखी तीन, आणि तिन्ही वेगळ्या

या कामात लोक अडकतात ते सेटिंग अवघड असते म्हणून नाही. तीन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या जातात, म्हणून.

पहिली गोष्ट लॉगिन. आपला सर्व्हर सेवेला आपण कोण ते सांगतो. हा दोघांमधला मामला आहे, मेल घेणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरी, पाठवणाऱ्याच्या पत्त्याची परवानगी. लॉगिन बरोबर असले म्हणून कोणत्याही नावाने मेल पाठवता येत नाही. ‘बिल्स@आपलीकंपनी.इन’ या पत्त्यावरून पाठवायचे असेल, तर ते डोमेन आपलेच आहे हे सेवेकडे आधी सिद्ध केलेले असावे लागते.

तिसरी, डोमेनची हमी. मेल घेणारा, समजा जीमेल, आपल्या डोमेनच्या डीएनएसमध्ये बघतो की या सेवेला आपल्या वतीने पाठवायची मुभा आहे का (एसपीएफ), मेलवर आपल्या डोमेनची सही आहे का (डीकेआयएम), आणि यातले काहीतरी वाचकाला दिसणाऱ्या पत्त्याशी जुळते का (डीमार्क).

इथे टपालाची उपमा खरोखर कामाची आहे. प्रत्येक मेलला लिफाफ्यावरचा एक पाठवणारा असतो आणि आतल्या पत्राच्या मथळ्यावरचा एक. वाचकाला मथळा दिसतो. परत आलेला मेल लिफाफ्यावरच्या पत्त्याकडे जातो, आणि एसपीएफची तपासणीही लिफाफ्यावरच्या डोमेनची होते. हे दोन पत्ते वेगळे असू शकतात, आणि सर्व्हरच्या मेलमध्ये बहुधा असतातच.

सेवेकडचे काम आधी

पोस्टफिक्सला हात लावण्याआधी एसईएसमध्ये मुंबई केंद्र निवडून आपले डोमेन नोंदवा. एसईएस तीन ‘सीनेम’ नोंदी (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणाऱ्या) देते. त्या जशाच्या तशा डीएनएसमध्ये टाकल्या की डोमेनची मालकीही सिद्ध होते आणि डीकेआयएमची सहीही सुरू होते. डीएनएस देणाऱ्या बऱ्याच पॅनलमध्ये नोंदीच्या नावापुढे डोमेन आपोआप चिकटते. पूर्ण नाव टाकले तर ‘आपलीकंपनी.इन.आपलीकंपनी.इन’ अशी नोंद होते आणि तपासणी पुढे सरकतच नाही.

मग ‘कस्टम मेल फ्रॉम’ लावा. हे न करता मेल गेले तर लिफाफ्यावर ॲमेझॉनचेच डोमेन राहते. एसपीएफ उत्तीर्ण होतो, पण ॲमेझॉनच्या नावाने. आपल्या डोमेनशी तो जुळत नाही. म्हणून ‘परत.आपलीकंपनी.इन’सारखे एक उपडोमेन घ्या, जे दुसऱ्या कशालाही वापरात नाही. त्यावर एसईएस सांगेल ती एक एमएक्स नोंद (त्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी) आणि एक एसपीएफची टीएक्सटी (साध्या मजकुराची) नोंद टाका. यात अनेकांची मेहनत वाया जाते ती अशी: ते ॲमेझॉनला मुभा देणारा ‘इन्क्लूड’ हा भाग मुख्य डोमेनच्या एसपीएफमध्ये घालतात. लिफाफ्यावर मुख्य डोमेन नसल्यामुळे ती नोंद कोणी बघतच नाही. मुख्य डोमेनच्या एसपीएफमध्ये गूगल किंवा मायक्रोसॉफ्टची जी नोंद आहे ती तशीच असू द्या. दुसरी एसपीएफ नोंद वेगळी तर कधीच टाकू नका. एका डोमेनला दोन एसपीएफ नोंदी दिसल्या की तपासणारा दोन्ही चूक धरतो. एका नोंदीतून होणाऱ्या डीएनएस शोधांनाही दहाची मर्यादा आहे.

नवीन खाते एसईएसच्या ‘सँडबॉक्स’मध्ये असते: २४ तासांत २०० मेल, सेकंदाला एक, आणि तेही फक्त आधी पडताळलेल्या पत्त्यांवर. बाहेर पडण्यासाठी अर्ज करावा लागतो. मेल कोणाला जाणार, ते पत्ते कुठून मिळाले, परत आलेल्या मेलचे काय करणार, हे त्यात नेमके लिहा. मोघम लिहिलेले अर्ज अडकतात.

शेवटी लॉगिन तयार करा. एसएमटीपीचे लॉगिन हे ॲमेझॉनच्या नेहमीच्या ॲक्सेस कीपेक्षा वेगळे असते आणि ते त्याच केंद्रापुरते चालते. सीक्रेट की तशीच पासवर्ड म्हणून टाकली तर लॉगिन होणार नाही. सिंगापूरसाठी काढलेले लॉगिन मुंबईला चालणार नाही.

आता पोस्टफिक्स

सर्वांत आधी रस्ता मोकळा आहे का बघा. ‘एनसी -व्हीझेड’ या आदेशाने सेवेच्या सर्व्हरचे पोर्ट ५८७ गाठून पाहा. इथेच वेळ संपत असेल तर फायरवॉलवाल्याकडे जा, पुढे काही करून उपयोग नाही. एसईएसवर त्याच कामासाठी २५८७ हे पर्यायी पोर्टही आहे. मग ‘स्वॅक्स’ हे छोटे साधन घेऊन थेट सेवेकडे लॉगिन करून एक मेल पाठवा. तो गेला म्हणजे लॉगिन आणि पत्त्याची परवानगी दोन्ही ठीक; यापुढे जे बिघडेल ते पोस्टफिक्समध्येच.

उबुंटू किंवा डेबियनवर ‘लिबसॅस्ल२-मॉड्यूल्स’ हे पॅकेज असल्याची खात्री करा. रेड हॅटवर ते ‘सायरस-सॅस्ल-प्लेन’ या नावाने मिळते. ते नसेल तर लॉगमध्ये ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ अशी ओळ येते, आणि ती वाचून लोक विनाकारण पासवर्ड बदलत बसतात.

‘/इटीसी/पोस्टफिक्स/मेन.सीएफ’मध्ये या ओळी हव्यात:

रिलेहोस्ट = [ईमेल-एसएमटीपी.एपी-साउथ-१.ॲमेझॉनएडब्ल्यूएस.कॉम]:५८७
एसएमटीपी_सॅस्ल_ऑथ_एनेबल = यस
एसएमटीपी_सॅस्ल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/इटीसी/पोस्टफिक्स/सॅस्ल_पासडब्ल्यूडी
एसएमटीपी_सॅस्ल_टीएलएस_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = सिक्युअर
एसएमटीपी_टीएलएस_सीएफाइल = /इटीसी/एसएसएल/सर्ट्स/सीए-सर्टिफिकेट्स.सीआरटी
एसएमटीपी_टीएलएस_लॉगलेव्हल = १

पहिल्या ओळीतले चौकोनी कंस गाळू नका. कंस असले तर पोस्टफिक्स त्याच नावाच्या सर्व्हरकडे जातो. नसले तर तो त्या नावाची एमएक्स नोंद शोधतो आणि भलतीकडे पोहोचू शकतो.

चौथी ओळ का? साधा पासवर्ड पाठवणाऱ्या लॉगिन पद्धती पोस्टफिक्स मुळातच नाकारतो, आणि बहुतेक सेवा नेमक्या त्याच पद्धती देतात. ही ओळ तो नकार फक्त कुलूपबंद जोडणीपुरता उठवते, म्हणजे पासवर्ड कधीच उघड्यावर जात नाही. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक उदाहरणांत पाचव्या ओळीत ‘एन्क्रिप्ट’ लिहिलेले असते. त्याने जोडणी कुलूपबंद होते, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे तपासले जात नाही. ‘सिक्युअर’ प्रमाणपत्रावरचे नावही तपासते. पासवर्ड ज्याच्या हातात देतो आहोत तो कोण हे बघायलाच हवे. बरोबर जुळले की लॉगमध्ये ‘व्हेरिफाइड टीएलएस कनेक्शन’ असे दिसते.

पोर्ट ४६५ वापरायचे असेल तर ‘एसएमटीपी_टीएलएस_रॅपरमोड = यस’ ही ओळ वाढवा. ती नसेल तर दोन्ही सर्व्हर एकमेकांच्या पहिल्या शब्दाची वाट बघत बसतात आणि शेवटी वेळ संपते.

पासवर्डच्या फाइलमध्ये एकच ओळ असते: आधी रिलेहोस्टमध्ये लिहिले तेच नाव, कंस आणि पोर्टसकट, मग मोकळी जागा, मग लॉगिनचे नाव, अपूर्णविराम (:) आणि पासवर्ड. कंस किंवा पोर्ट एकीकडे आणि दुसरीकडे वेगळे असले तर पोस्टफिक्सला ही ओळ सापडत नाही, तो लॉगिन न करताच मेल द्यायला जातो आणि सेवा ‘ऑथेंटिकेशन रिक्वायर्ड’ म्हणून परत पाठवते. फाइलची मालकी रूटकडे आणि परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा, मग ‘पोस्टमॅप’ हा आदेश चालवा; तो या फाइलपासून पोस्टफिक्स वाचतो ती ‘.डीबी’ फाइल बनवतो. तयार झालेल्या ‘.डीबी’ फाइलमध्येही पासवर्ड वाचता येण्याजोगाच असतो, तिचीही परवानगी बघा. काही नव्या लिनक्समध्ये ‘हॅश’ प्रकार उरलेला नाही, तिथे ‘एलएमडीबी’ लिहावे लागते. आपल्याकडे काय चालते ते ‘पोस्टकॉन्फ -एम’ सांगतो. शेवटी ‘पोस्टफिक्स रीलोड’.

पत्त्यांची दुरुस्ती

लॉगिन झाले तरी पहिला मेल बहुधा ५५४ क्रमांकाने परत येतो: पत्ता पडताळलेला नाही. क्रॉनचा (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा) अहवाल ‘रूट@सर्व्हर१.लोकल’ अशा पत्त्यावरून निघतो आणि ते डोमेन आपण एसईएसमध्ये कसे सिद्ध करणार? यासाठी ‘एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स’ आहे. त्याच्या फाइलमध्ये डावीकडे ‘@सर्व्हर१.लोकल’ आणि उजवीकडे ‘अलर्ट्स@आपलीकंपनी.इन’ लिहून पोस्टमॅप चालवला की मेल बाहेर पडताना लिफाफा आणि मथळा दोन्हींवरचा पत्ता बदलतो. उजवीकडे असा पत्ता द्या जो कोणीतरी रोज उघडते. परत आलेल्या मेलची सूचना एसईएस आपण लिफाफ्यावर दिलेल्या पत्त्यालाच पाठवते.

दुसरा सापळा ‘मायडेस्टिनेशन’चा. पोस्टफिक्स बसवताना डोमेन विचारले जाते, लोक कंपनीचे डोमेन देतात आणि ते या यादीत जाऊन बसते. याचा अर्थ ‘या डोमेनच्या पेट्या याच सर्व्हरवर आहेत’. मग गिऱ्हाइकांना मेल जातात, पण स्वतःच्या हिशेब विभागाला जात नाहीत; लॉगमध्ये ‘रिले=लोकल’ आणि ‘अननोन यूजर’ दिसते. खऱ्या पेट्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे असतील तर या यादीत फक्त लोकलहोस्ट ठेवा.

आणि हा सर्व्हर जगासाठी उघडा नसावा. मेल फक्त याच मशीनवरच्या सॉफ्टवेअरचे असतील तर ‘इनेट_इंटरफेसेस = लूपबॅक-ओन्ली’ करा. ऑफिसातल्या इतर मशीनही याच्यातून पाठवणार असतील तर ‘मायनेटवर्क्स’मध्ये तेवढेच आयपी लिहा. इथे ढिलाई झाली तर कोणीही आपल्या लॉगिनवर स्पॅम पाठवेल आणि सेवा आपले खाते थांबवेल. एसईएसमध्ये परत आलेल्या मेलचे प्रमाण ५ टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येते आणि १० टक्क्यांवर पाठवणे थांबवले जाऊ शकते. स्पॅमच्या तक्रारींसाठी हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के आहेत. म्हणून जुन्या, मेलेल्या पत्त्यांची यादी साफ केल्याशिवाय पहिला मोठा लोंढा सोडू नका.

लॉग काय सांगतो

उबुंटूवर ‘/व्हार/लॉग/मेल.लॉग’ उघडा. ‘स्टेटस=सेंट’ आणि २५० दिसले की सेवेने मेल स्वीकारला, इतकेच सिद्ध होते. गिऱ्हाइकाच्या पेटीत तो पडला की नाही, हे आता सेवेच्या नोंदीत आणि परत येणाऱ्या सूचनांत शोधायचे.

५३५ म्हणजे लॉगिन चुकले. इथे पोस्टफिक्सची एक सवय माहीत हवी: चुकलेल्या लॉगिनला तो कायमची नापसंती मानत नाही, मेल रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पहिला फेरप्रयत्न साधारण ५ मिनिटांनी, मग अंतर वाढत ४००० सेकंदांपर्यंत, आणि ५ दिवस झाले की मेल पाठवणाऱ्याकडे परत. पासवर्ड बदलला आणि फाइलमध्ये टाकायचा राहिला, तर पाच दिवस सगळे शांत असते. म्हणून ‘डिले_वॉर्निंग_टाइम = ४एच’ लावा आणि ‘पोस्टक्यू -पी’मधली रांग नेमाने बघण्याची व्यवस्था करा. चूक सुधारल्यावर ‘पोस्टक्यू -एफ’ने रांग सोडता येते. मात्र त्याआधी रांगेतले शिळे ओटीपीचे मेल ‘पोस्टसुपर -डी’ने काढून टाका, नाहीतर गिऱ्हाइकाला एकदम वीस निरुपयोगी ओटीपी जातील.

४५४ आणि ‘थ्रॉटलिंग’ म्हणजे वेगाची मर्यादा ओलांडली. मेल हरवत नाही, उशिरा जातो. महिनाअखेरीला पगारपत्रके एकदम सुटतात तेव्हा हे होते. ‘एसएमटीपी_डेस्टिनेशन_रेट_डिले = १एस’ने दोन मेलमध्ये एक सेकंदाचे अंतर पडते. मर्यादा वाढवून मिळाली की ही ओळ काढा.

सर्व्हरचे नाव सापडत नाही असे पोस्टफिक्स म्हणतो पण त्याच मशीनवर बाकी सगळे चालते, तेव्हा कारण हे: डेबियन-उबुंटूवर पोस्टफिक्सचे काही भाग ‘/व्हार/स्पूल/पोस्टफिक्स’च्या आत कोंडलेले असतात आणि तिथे डीएनएसच्या फाइलची जुनी प्रत असते. पोस्टफिक्स रीस्टार्ट केला की नवी प्रत जाते.

मोठी जोडपत्रे अडतात ती बरेचदा आपल्याच सर्व्हरवर. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, आणि मेलमध्ये बसवताना फाइल एक तृतीयांशाहून थोडी जास्त फुगते. ८ एमबीची पीडीएफ सुमारे ११ एमबी होते आणि नाकारली जाते. ‘मेसेज_साइझ_लिमिट’ वाढवा.

जीमेलकडून ५५०-५.७.२६ आले तर लॉगिन सोडा, डीएनएसकडे वळा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचे केले, आणि रोज ५००० हून जास्त मेल जीमेलच्या पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना दोन्ही, शिवाय डीमार्क. तपासायला जीमेलच्याच एका पेटीत मेल मागवून ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ हवे. डीमार्कची नोंद सुरुवातीला ‘पी=नन’ (न जुळणारा मेलही अडवू नका) आणि अहवालाच्या पत्त्यासह टाका. काही आठवडे अहवाल वाचले की आपल्या नावाने आणखी कोण मेल पाठवते आहे ते दिसते: एखादे विसरलेले एचआर सॉफ्टवेअर, एखादी जाहिरात एजन्सी. त्यांची सोय लावूनच ‘क्वारंटाइन’कडे (न जुळणारा मेल संशयित धरा) जा.

एसईएसऐवजी गूगल वर्कस्पेसच्या पेटीतून पाठवायचे असेल तर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड लागतो, आणि एका वापरकर्त्याला दिवसाला २००० मेलची मर्यादा आहे. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये ती मिनिटाला ३० मेल आहे, आणि लॉगिन ज्या पेटीचे तिच्याशिवाय दुसऱ्या नावाने पाठवले तर ५.७.६० येते. मायक्रोसॉफ्टने साध्या पासवर्डचे एसएमटीपी लॉगिन बंद करण्याचे जाहीर केले आहे, त्यामुळे नवीन जोडणी त्यावर उभारू नका.

प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळा पासवर्ड टाकत बसण्यापेक्षा मध्ये पोस्टफिक्स ठेवण्याचा खरा फायदा पासवर्ड बदलताना दिसतो. दुसरे लॉगिन तयार करा, एका फाइलमधली एक ओळ बदला, पोस्टमॅप चालवा, चाचणीचा मेल पाठवून २५० बघा आणि मगच जुने लॉगिन निष्क्रिय करा. लगेच पुसून टाकू नका. आठवडाभर निष्क्रिय ठेवले की तेच लॉगिन चोरून वापरणारे एखादे विसरलेले मशीन ५३५ देऊन आपोआप समोर येते.